अमेरिकन घोडशर्यतींचे विजेते ओळखण्याच्या स्पर्धेत मी १ नंबरचा घोडा निवडला होता. तो घोडा मागे घेतला, पण १ए धावला आणि जिंकला. मला गुण मिळतील का?

हो, मिळतील, स्पर्धेच्या हिशेबात १ए हा तुमचाच घोडा आहे. एकाच मालकाचे दोन घोडे एका शर्यतीत असले की अमेरिकेत काही ठिकाणी बेटिंगपुरते ते एकच धरून जोडतात आणि शर्यतीच्या कार्डावर १ व १ए असे छापतात. टोटचं (सगळ्यांचे पैसे एकत्र करून चालणाऱ्या बेटिंगचं) तिकीट नंबरवर असतं, घोड्याच्या नावावर नाही. म्हणून जोडीतला एक गळला तरी तिकीट दुसऱ्यावर चालू राहतं, पैसे परत मिळत नाहीत. स्पर्धेचे गुण टोटच्याच भावावरून, बहुधा काल्पनिक २ डॉलरच्या विन-प्लेसवर (घोडा पहिला येण्यावर आणि पहिल्या दोघांत येण्यावर लावलेल्या पैशांवर) मोजतात, त्यामुळे तिथेही तोच न्याय. (१ए हरला असता तर ‘मला तो नकोच होता’ म्हणून शून्य टळलं नसतं, हेही ध्यानात ठेवा.) निवड बाद होते ती दोन्ही घोडे गळाले तरच. मग तुम्ही आधी दिलेला पर्यायी घोडा धरतात. तो दिला नसेल तर बहुतेक स्पर्धांत शर्यत सुटताना सर्वांत कमी भावाचा, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेला फेव्हरिट तुमच्या नावावर लागतो.

एकच मेख आहे: एक घोडा अगदी ऐनवेळी गळला, तर कधीकधी स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) उरलेल्याला बेटिंगमधून काढून फक्त बक्षिसाच्या रकमेसाठी धावू देतात. तुमच्या शर्यतीत तसं झालं असेल, तर तो जिंकूनही भाव निघत नाही. अशा वेळी सहसा संपूर्ण जोडी गळल्याचा नियम लावतात. तुमच्या स्पर्धेच्या नियमावलीत तेवढं कलम पाहून घ्या.