पावकी तोंडपाठ, पण सकाळची गोळी घेतली की नाही?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ वर्षे आहे. पावकी, निमकी, दिडकी ती आजही न अडखळता म्हणते आणि गणपतीत सगळ्या आरत्या पुस्तकाशिवाय म्हणते. परंतु रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे तासाभरातच तिला आठवत नाही. चष्मा तर दिवसातून चार वेळा शोधावा लागतो. ‘इतके जुने आठवते, म्हणजे स्मरणशक्ती उत्तम आहे,’ असे घरचे म्हणतात. साठ वर्षांपूर्वीचे आठवते आणि तासापूर्वीचे आठवत नाही, असे का होते? काळजी करावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ज्या दोन गोष्टींची तुलना केली आहे, त्या मेंदूच्या दृष्टीने एका जातीच्या नाहीत. पावकी आईने एकदा ऐकून लक्षात ठेवलेली नाही. शाळेत सगळ्या वर्गाबरोबर ती सुरात म्हटली, तिन्हीसांजेला परवचा म्हणताना पुन्हा म्हटली, चुकली तिथे कोणीतरी दुरुस्त केली, आणि पुढे पाव किलो-दीड किलोचा हिशेब करताना ती वर्षानुवर्षे वापरात राहिली. आता गोळीचे पाहा. ओट्यावर दूध तापत आहे, आईचे लक्ष त्या दुधावर आहे, आणि तेवढ्यात गोळी तोंडात टाकून, घोटभर पाणी पिऊन पाकीट पुन्हा फडताळात गेले आहे. हात सवयीने चालला, लक्ष दुसरीकडेच होते. त्यामुळे त्या कृतीची नोंदच नीट झाली नाही. जे नोंदलेच गेले नाही त्याला विसरणे म्हणणे आईवर थोडे अन्यायाचे होईल. शिवाय कालची, परवाची आणि आजची गोळी घेण्याची वेळ, जागा, पेला सगळे सारखेच असल्यामुळे या सकाळी एकमेकींत मिसळून जातात. गोळी घेतल्याचे आठवते, पण ते आजचे की कालचे, हे सांगता येत नाही. चष्म्याचेही बहुधा तेच होते.

नोंद झाल्यावरही ती टिकेलच असे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, हे मोजले आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या एका दिवसातच सुमारे दोन तृतीयांश श्रम वाया गेलेले असत. त्यानंतर मात्र घसरण मंदावे आणि महिन्याभरानंतरही सुमारे एक पंचमांश श्रम वाचत. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच घडतो, आणि त्या काळात अधूनमधून आठवून पाहिले तर गोष्ट पक्की होत जाते. परवच्याने नेमके हेच काम केले. मेंदूचे अभ्यासक एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेल्या प्रयोगांतून, वारंवार दिलेल्या शिकवणुकीने चेतापेशींमध्ये नवे जोड तयार होतात, असे दाखवले. या संशोधनासाठी त्यांना २००० च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. आईची पावकी अशाच पक्क्या झालेल्या जोडांवर उभी आहे.

आता घरच्यांच्या दिलाशाविषयी, कारण येथे सावध राहणे मला फार गरजेचे वाटते. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा काढण्यात आला. त्यांना बालपण आठवत होते, बोलणे व्यवस्थित होते. पण नुकतीच भेटलेली व्यक्ती थोड्या वेळाने परत आली तर ती त्यांना अनोळखी वाटे. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्याकडून करून घेतले, तेव्हा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, आणि हे काम आपण पूर्वी केले आहे हे मात्र त्यांना एकदाही आठवले नाही. नव्या प्रसंगांच्या आठवणी घडवायला हिप्पोकॅम्पस लागतो. जुन्या, मुरलेल्या आठवणी त्यावर तितक्या अवलंबून नसतात. अल्झायमरच्या आजारात हाच भाग बहुधा लवकर बाधित होतो. म्हणून आरत्या बिनचूक येतात, एवढ्यावरून सगळे ठीक आहे असे मानता येत नाही.

त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट पाहावी. ‘दूध उतू गेले तेव्हा तू ओट्यापाशी होतीस ना?’ एवढा धागा दिल्यावर आईला सकाळ आठवते का? आठवत असेल, तर नोंद आत आहे, फक्त ती हाताशी यायला वेळ लागतो; वय वाढले की असे होतेच. परंतु धागा देऊनही सबंध प्रसंगच जणू घडला नव्हता असे वारंवार होत असेल, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारला जात असेल, नेहमीच्या गल्लीत वाट चुकत असेल, हातखंडा असलेल्या पुरणपोळीचा क्रम बिघडत असेल किंवा सुट्या पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. थायरॉइडचा विकार, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि झोपेची काही औषधे यांनीही विस्मरण होते, आणि यांवर उपाय करता येतात. ऐकू कमी येत असेल तर बोलणे मुळात पोहोचतच नाही, म्हणून कानही तपासून घ्यावेत.

गोळीसाठी आठवणीवर विसंबूच नये. औषधांच्या दुकानात सात वारांच्या कप्प्यांची डबी मिळते. रविवारी ती भरून ठेवली की कप्पा रिकामा आहे की भरलेला, एवढेच पाहायचे असते, आणि चुकून दुसरी गोळी घेतली जाण्याचा धोका टळतो. गोळी घेताना ‘आज मंगळवार, गोळी घेतली’ असे आईने मोठ्याने म्हणावे, म्हणजे लक्ष त्या क्षणापुरते तिथे येते. चष्म्याची जागा एकच ठरवावी. पाहुण्यांसमोर ‘सांग बरं, सकाळी काय खाल्लंस?’ अशी परीक्षा मात्र कोणी घेऊ नये. घाबरलेल्या माणसाला येत असलेलेही आठवत नाही. डॉक्टरांकडे जाताना घडलेले दोन-तीन प्रसंग तारखेसह लिहून न्यावेत आणि आई सध्या घेते ती सगळी औषधे पिशवीत घालून सोबत ठेवावीत.