ॲक्सिलरेटर दाबला की मागून 'गूं' आवाज, सोडला की बंद: क्राऊन-पिनियन गेलं का?

लगेच डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खोलू नका. भर दिल्यावरच आवाज येत असेल तर क्राऊन-पिनियनचे (त्यातला मोठा गोल गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) दात किंवा पिनियनचं बेरिंग यांवर संशय. फक्त वळताना कटकट झाली तर स्पायडर गिअर (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले छोटे गिअर). गिअर टाकताना 'ठक्' होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हलवून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो आणि हाउसिंग उगाच उघडलं जातं.

ऑइल गरम असताना काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल चालतो, चमकते तुकडे नाहीत. ब्रीदर (हाउसिंगमधला दाब बाहेर सोडणारं छोटं भोक) तुंबला असेल तर कितीही नवी सील टाका, ऑइल गळणारच.

खोललंच तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला. एक नवं, एक जुनं ठेवलं की आवाज परत येतो. बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजा. साधारण ०.२० ते ०.३० मिमी, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. दातांना निळा रंग लावून फिरवा: ठसा क्राऊनच्या दातांच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदला. शेवटी जीएल-५ दर्जाचं (दातांवरचा जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइल, फिलर प्लगच्या भोकापर्यंत.