‘मग माझ्या आजोबांना का नाही?’

पत्र : मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांचं संडे स्कूल घेते. येशूनं मेलेल्या लाजराला उठवल्याचा धडा चालू असताना तेरा वर्षांच्या एका मुलानं विचारलं, “मग माझ्या आजोबांना का नाही उठवलं? आम्ही पण प्रार्थना केली होती.” मी गडबडले. “असले प्रश्न विचारायचे नाहीत, विश्वास ठेवायचा,” म्हणाले. तेव्हापासून तो येतो, मागं बसतो, तोंड उघडत नाही. आता काय करू? — नगर जिल्ह्यातील एक शिक्षिका

ताई, सलाम.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा उघडा. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यातच आहे. येशू बेथानीला येतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. लाजराची बहीण मार्था गावाबाहेरच त्याला गाठते आणि म्हणते, “प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” मागून दुसरी बहीण मरीया येते, तीही हेच म्हणते. मला नेहमी वाटतं, ते चार दिवस दोघी बहिणी घरात एकमेकींशी हेच बोलत असणार. येशू दोघींपैकी कुणालाच गप्प बसवत नाही. “मीच पुनरुत्थान व जीवन आहे” हे वचन आपण मातीला जातो तेव्हा वाचतो ना, ते मार्थेच्या या गाऱ्हाण्यावरच आलेलं आहे. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर? आणि मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडतो.

लाजर उठला आणि या मुलाचे आजोबा का नाही, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. बेथानीतल्या बाकीच्या कबरीही त्या दिवशी बंदच राहिल्या. हे मुलासमोर कबूल करायला घाबरू नका.

रविवारची वाट न बघता त्याच्या घरी जा. वर्गात सगळ्यांदेखत हा विषय नको. आधी आजोबांबद्दल विचारा : काय करायचे, याला काय म्हणून हाक मारायचे. मग सरळ सांगा, “त्या दिवशी माझं चुकलं. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तुला गप्प केलं.” तो काही बोलला नाही तरी बसून राहा.

बाकीची मुलंही विचारायला लागतील. लागू देत. अडलं तर त्या मुलालाच घेऊन पाळकसाहेबांकडे जा.

आपल्याच नगरच्या मंडळीनं ज्यांना पाहिलं त्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. पाच वर्षं! नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटेपर्यंत थांबल्या. तुम्ही त्या पोराला पाच मिनिटंही दिली नाहीत. कडक बोलते आहे, पण तो अजून येतोय, मागं का होईना बसतोय, म्हणूनच बोलते.

त्याच्या घरी आजोबांचं बायबल असेल तर तेच मागून घ्या आणि त्यातलं मार्थेचं वाक्य त्याला मोठ्यानं वाचू द्या.

तुमची,
मावशी