पियाजे पाठ, वायगॉट्स्की पाठ, तरी गोंधळ

"मॅडम, पियाजेच्या चार अवस्था झोपेतनं उठवून विचारा, सांगतो. पण प्रश्न जरा फिरवून आला की सगळं एकात एक मिसळतंय बघा. आणि वर्गात उभं राहिल्यावर तर यातलं एक आठवत नाही. मला जमणारच नाही का हे शिक्षकाचं काम?"

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत इंटर्नशिप करणाऱ्या मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पियाजे आणि वायगॉट्स्की हे मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ; चार अवस्था म्हणजे पियाजेने सांगितलेले या वाढीचे टप्पे. परीक्षा जवळ आली की अशी तक्रार घेऊन येणारे प्रशिक्षणार्थी बरेच असतात.

आधी नेहमीची चौकशी केली: झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं, इतर विषयांची स्थिती. भीती सगळीकडे पसरलेली असेल तर अभ्यासाच्या युक्त्या सांगून भागत नाही, तिथे डॉक्टरांची मदत लागते. इथे तसं नव्हतं. भीती एकाच ठिकाणी अडकली होती, बालविकास आणि अध्यापनशास्त्रात. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या पेपर एकमध्ये 150 प्रश्न, 150 गुण, वेळ अडीच तास. त्यातले 30 प्रश्न याच विभागाचे आणि खुल्या प्रवर्गातून पात्र व्हायला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. सराव चाचणीत तिला या 30 पैकी 13 पडले होते.

तिची वही मागवली. अक्षर सुरेख, रकाने आखलेले: नाव, देश, प्रयोग, सिद्धांत, टप्पे. शिकणं कसं घडतं यावरच्या प्रयोगांतले प्राणी, म्हणजे थॉर्नडाइकची मांजरं, पाव्हलॉव्हचा कुत्रा, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी, सगळे एकाखाली एक. वहीत चूक एकही नव्हती, आणि अडचण नेमकी तिथेच होती. प्रत्येक सिद्धांत आपापल्या रकान्यात एकटा बसला होता. राजर्षी शाहूंचा 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश मात्र तिला एकदा वाचून लक्षात राहिला होता. कारण उघड आहे: लहानपणापासून शाहू महाराजांबद्दल ऐकलेलं असल्यामुळे ती नवी माहिती कशाला तरी जाऊन चिकटली. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ऑसुबेल पूर्वज्ञानाबद्दल म्हणतो ते हेच. पियाजेला चिकटायला तिच्याकडे काही नव्हतं. म्हणजे दोष स्मरणशक्तीचा नव्हता.

रकान्यांत आणखी एक गोष्ट नव्हती: या मंडळींची आपापसातली भांडणं. पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही 1896 चे, पण पियाजेच्या मते विकास आधी आणि शिकणं त्याच्या मागून. वायगॉट्स्की म्हणतो, चांगलं शिकवणं विकासाला पुढे ओढतं. लहान मूल स्वतःशीच बडबडतं, ती आत्मकेंद्री भाषा पियाजेच्या मते वयाबरोबर मावळते. वायगॉट्स्कीच्या मते ती आत जाते आणि तिचंच रूपांतर विचारात होतं. फिरवून विचारलेले प्रश्न बहुधा अशा सांध्यांवरच बेतलेले असतात. "स्कॅफोल्डिंग", म्हणजे शिकणाऱ्याला दिलेला तात्पुरता आधार, हा शब्दही वायगॉट्स्कीचा नव्हे. तो 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून आला, वायगॉट्स्कीच्या मृत्यूनंतर 42 वर्षांनी. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं तर निम्मा वर्ग लिहितो. नको असलेली गोष्ट काढून घेतल्यामुळे वर्तन वाढतं ते ऋण प्रबलन, आणि शिक्षेने वर्तन कमी होतं.

पण हे समजावून सांगितलं तर तिच्या वहीत आणखी एक रकाना वाढला असता. म्हणून तिला एकच काम दिलं: वर्गातलं एक चुकीचं उत्तर आणायचं, मुलाच्या शब्दांसकट.

तिने आणलं ते तिसरीतल्या एका मुलाचं. 42 वजा 17, उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. हातचा कसा घ्यायचा हे तिने परत परत सांगितलं होतं. मुलगा मान डोलवायचा आणि पुढच्या गणितात तेच करायचा. तिचं निदान: "लक्ष देत नाही."

आता एकेका सिद्धांताला विचारलं, की बाबा, हे मूल असं का करतंय? थॉर्नडाइक म्हणेल, बिनहातच्याच्या वजाबाक्यांमध्ये "मोठ्यातून लहान" केलं की दर वेळी बरोबरची खूण मिळाली. सराव आणि परिणाम, दोन्ही नियमांनी ती सवय पक्की झाली. म्हणजे मुलगा आळशी नाही, उलट नीट शिकलाय, फक्त अपुरा नियम शिकलाय. पियाजे म्हणेल, नवं गणित त्याने जुन्या साच्यात घातलं, हे सात्मीकरण. 35 हे उत्तर त्याला कुठे खुपत नाही, मग तो साचा बदलेल कशाला? आणि "वयच झालं नाही" म्हणावं तर मुलगा आठ वर्षांचा, मूर्त क्रियात्मक, म्हणजे समोरच्या वस्तूंबद्दल तर्क करता येण्याच्या अवस्थेतला.

यातलं खरं कुठलं, हे पाहायला तिला एक छोटी चाचणी करायला सांगितली: कागद-पेन्सिल बाजूला ठेवून तोंडी, पैशांत विचार. मुलाची आई आठवडी बाजारात भाजी विकते. 42 रुपये आहेत, 17 ची भाजी घेतली, किती उरले? तो म्हणाला, "दहा गेले बत्तीस, सात गेले पंचवीस."

म्हणजे वजाबाकी त्याला येत होती. येत नव्हती ती उभी मांडणी. बाजारातली दैनंदिन संकल्पना आणि शाळेतली शास्त्रीय संकल्पना यांची गाठ पडलेली नव्हती, आणि वायगॉट्स्कीचं हे म्हणणं तिने तोवर फक्त अधोरेखित करून ठेवलं होतं.

पुढची पायरी: 25 आणि 35 शेजारी शेजारी लिहून मुलालाच विचारायचं, भाजीवालीने किती परत द्यायचे? हा खटका बसला तरच साचा हलतो. मग ब्रूनरच्या क्रमाने आधी काड्या, दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या; मग वहीत त्यांचं चित्र; शेवटी अंक. पहिल्या वेळी हे फसलं, कारण गठ्ठा तिनेच सोडला. दशक सुटा करायचा तो मुलाच्या हाताने, रबर बँड त्यानेच काढायचा. दुसऱ्यांदा चित्र गाळून ती थेट अंकांवर आली आणि उत्तर पुन्हा 35. चित्राला दोनेक तास दिले तेव्हा जमू लागलं. ब्रूनरच्या या तीन पद्धती वयाला बांधलेल्या नाहीत, मोठ्यांनाही नवी गोष्ट शिकताना लागतात. पियाजेच्या अवस्थांशी त्यांची गल्लत होते ती इथे.

त्यानंतर वहीचं स्वरूप बदललं. एका पानावर एक चूक: मुलाने काय केलं आणि काय म्हणालं ते शब्दशः, कोण काय स्पष्टीकरण देईल, ते चुकीचं आहे हे कशावरून कळेल, उद्या काय करणार. आठवड्याला अशी दोन पानं पुरतात. पहिल्या जागी "मूल कच्चं आहे" असं लिहिलं की पान बाद, कारण ते निरीक्षण नसून निकाल आहे. सुरुवातीला तिची बरीच पानं याच कारणाने बाद झाली.

पुढच्या सराव चाचणीत 30 पैकी 21 आले. थॉर्नडाइकचे पाच दुय्यम नियम अजूनही मागेपुढे होतात. त्यांच्यासाठी मुलांच्या चुका शोधत बसू नको, शेवटच्या आठवड्यात सरळ घोकून टाक, असं तिला सांगितलं आहे.