दुखणं नेमकं कुठलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकाच प्रश्नाची गर्दी आहे: जुना लॅपटॉप दुरुस्त करू की नवा घेऊ? त्यातली तीन पत्रं इथे घेतली आहेत. प्रश्न एकच असला तरी तिघांना मी दिलेली उत्तरं वेगवेगळी आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी घरून अनुवादाचं काम करते. माझा लॅपटॉप २०१७ सालचा. हल्ली सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जाते आणि परत येते तेव्हाही पडद्यावर ते चक्र फिरतच असतं. पंखा घोंगावत असतो. चार्जर काढला की वीस मिनिटांत मान टाकतो. एका ओळखीच्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “यात आता काही राम राहिला नाही, नवा घ्या.” पण या कीबोर्डवर माझा हात बसलाय. मोडलं-तुटलं तर काहीच नाही. काय करू?

उत्तर : “राम नाही” म्हणणाऱ्यांनी मागचं झाकण उघडलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. उघडलं नसावं असा माझा अंदाज. लॅपटॉपला एकच एक वय नसतं. बॅटरी तिच्या रसायनामुळे म्हातारी होते, हार्ड डिस्क फिरून फिरून झिजते, पंखा धुळीने गुदमरतो, बिजागरी उघडझाक करून सैल पडते. प्रोसेसर मात्र पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही वेगवान असतो, फक्त त्याच्यावर लादलेलं ओझं दर वर्षी वाढत जातं. तेव्हा लॅपटॉप जुना झाला म्हणजे त्यातलं काय जुनं झालं, हे आधी बघायचं.

म्हणून मी या बाईंना उलट टपाली तीन गोष्टी बघून कळवायला सांगितल्या. त्यांनी त्या इतक्या नीट कळवल्या की मला उत्तर लिहायला मजा आली.

पहिली गोष्ट टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. लॅपटॉप रखडत असताना तो उघडला तेव्हा प्रोसेसरचा वापर जेमतेम १५ टक्के आणि डिस्कचा १०० टक्के दिसला. म्हणजे प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलाय आणि डिस्क धापा टाकतेय. तुमच्या लॅपटॉपात मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुनी, फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्यातली सुई प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी जागा शोधत फिरते, मग चकती फिरून तो भाग सुईखाली यायची वाट बघते. असे हेलपाटे ती सेकंदाला शंभरसुद्धा घालू शकत नाही. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागतं. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवण करणारी नवी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तीच मागणी ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबात पुरवते. जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो असं कुणी मला झोपेतून उठवून विचारलं, तरी मी एसएसडी हेच सांगेन.

दुसरी गोष्ट डिस्कची तब्येत. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचणारी मोफत सॉफ्टवेअरं मिळतात. तुमच्याकडे तिथे पिवळा इशारा आला: काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत ठेवलेले. रखडण्याचं अर्धं कारण इथेच आहे, कारण असा सेक्टर समोर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. म्हणून आज, बाकी काहीही करण्याआधी, अनुवादाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पिवळा इशारा वर्षभर तसाच राहिलेली डिस्क मी पाहिली आहे आणि दुसऱ्या दिवशी गेलेलीही.

तिसरी गोष्ट बॅटरी. कमांडच्या खिडकीत रोमन अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की विंडोज अहवाल काढून देतं. त्यात मूळ क्षमता ४१,४४० मिलिवॉट-तास आणि आता पूर्ण भरल्यावर ११,२००. म्हणजे २७ टक्के उरली. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा इतक्या वर्षांनी तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तुम्ही टेबलाशी बसून काम करता. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायला वीस मिनिटं पुष्कळ झाली. ती फुगलेली नसेल तर तूर्त बॅटरीवर खर्च करू नका.

तर माझं उत्तर: दुरुस्त करा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं व्हायला नको. एसएसडी घाला. रॅम तुमच्याकडे ४ जीबीच आहे आणि एक खाच रिकामी आहे, तिथे ८ जीबीची पट्टी बसेल. आधीच्या पट्टीवर डीडीआर३ लिहिलंय की डीडीआर४, ते मात्र वाचून घ्या. दोन्हींची खोबण वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावणारे मी पाहिलेत. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, बदलायला सांगा. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की जीव वाचवायला आपणहून मंद होतो, आणि तुमचा पंखा घोंगावतोय तो त्याला तिथवर जाऊ न देण्यासाठीच.

(घरी झाकण उघडणार असाल तर एक सांगते. मी कागदावर लॅपटॉपच्या पोटाचं चित्र काढते आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने लावते. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर तो थेट मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीत, घुसतो. हे चित्र मी दुसऱ्या वेळेपासून काढायला लागले.)

आता अडचणीचा भाग. तुमचा प्रोसेसर आय५-७२००यू. त्यातला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर मान्य करतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना त्यापुढे वर्षभराची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सुरक्षा-अपडेट्सची सोय दिली गेली, तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नियमाला वळसा घालून विंडोज ११ घालून देणारे भेटतील. मी ते माझ्या जबाबदारीवर माझ्या लॅपटॉपवर करेन, पण ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासाठी नाही करणार, कारण उद्या अपडेट आलं नाही तर दाद मागायला जागा नाही.

तिसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा. तुमचं काम ब्राउझर, शब्दसंस्कारक आणि शब्दकोश यांत संपतं, तेव्हा तो तुम्हाला मानवेल. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिथे आहेच आणि कळा त्याच, त्यामुळे बोटांना काही नवं शिकावं लागणार नाही. अडेल ते एका ठिकाणी: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांचं एखादं सॉफ्टवेअर तुम्ही किंवा तुमचे प्रकाशक अजून वापरत असतील तर. अशी सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोजसाठीच लिहिलेली असतात. तेवढं आधी विचारून घ्या. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघता येतं. दोन दिवस तसं काम करून पाहा आणि मग ठरवा.

पैशांचं म्हणाल तर ‘दुरुस्ती निम्म्याहून महाग असेल तर नवा घ्या’ हा नियम सगळेच सांगतात. मला तो अर्धवट वाटतो, कारण त्यात वर्षं येत नाहीत. नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरा आणि तो सहा वर्षं चालेल असं समजा. वर्षाला साधारण १७ पडले. तुमची दुरुस्ती २० मध्ये होत असेल आणि त्यावर आणखी दोन वर्षं निघत असतील, तर वर्षाला १०. दुरुस्ती जिंकली. तीच ३० ला पडली आणि भरवसा वर्षभराचाच असेल, तर हरली. शिवाय एसएसडीचे पैसे बुडत नाहीत. उद्या हा लॅपटॉप गेलाच तर ती एका डबीत घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. लगेच पुसून चालू करून पाहिला, दोन दिवस छान चालला, मग एकदम गप्प झाला. सर्व्हिस सेंटर म्हणतं मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या साठ टक्के सांगतंय. त्यात माझ्या प्रबंधाचं सगळं काम आहे. दुरुस्त केल्याशिवाय ते मिळणार नाही ना? बाकी लॅपटॉप अगदी नव्यासारखा आहे हो.

उत्तर : यात दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा. प्रबंध मिळवणं वेगळं आणि लॅपटॉप वाचवणं वेगळं.

आधी प्रबंध. तीन वर्षांच्या बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी म्हणजे एका स्क्रूने बसवलेली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ पट्टी असते. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली दिसायला हव्यात. मदरबोर्ड मेला म्हणजे ती मेली असं नाही. काही पातळ लॅपटॉपांत मात्र साठवण बोर्डावरच झाळलेली असते, तुमचं मॉडेल त्यातलं आहे का ते उघडणाऱ्याला विचारा. दुसरी मेख बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची. पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद केलेली असते आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की ती ४८ आकडी किल्ली मागते. घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तुम्ही लॅपटॉप सुरू केला होता, त्यात ती बहुधा जपलेली असते. फोनवरून लॉगिन करून पाहता येईल.

आता लॅपटॉप. पाण्याने लगेच घात केला नाही. पुसलेलं पाणी वरचं. खालचं चिपांच्या पोटाखाली राहिलं आणि त्यातून वीज खेळत राहिली. अशा जागी धातू दोन दिवसांत हिरवा पडून खाल्ला जातो. सांडल्या सांडल्या चार्जर काढून, बटण दाबून धरून तो बंद ठेवला असता, आणि उघडून बॅटरीची तार सोडवून धुतला असता, तर कदाचित निभावलं असतं. तुम्हाला आता सांगून उपयोग नाही, पण वाचणाऱ्या कुणाच्या तरी हातात पेला असेलच.

सर्व्हिस सेंटर अख्खा बोर्डच बदलून देतं, त्यांची पद्धतच ती. बोर्डावरचा एखादा सुटा भाग बदलणारे कारागीर वेगळे असतात, सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारे. त्यांच्याकडे एकदा न्या आणि निदानाचे किती, दुरुस्तीचे किती, ते आधी ठरवून घ्या. पण पाण्याच्या दुरुस्तीवर लांबची हमी मी स्वतः कधी दिली नाही आणि देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. गंज आज एका वाटेवर दिसतो, चार महिन्यांनी दुसऱ्या. साठ टक्के खर्चाचा नवा बोर्ड? माझं मत, नको. पडदा, कीबोर्ड, बॅटरी हे तीन वर्षं वापरलेलेच राहणार, आणि ते पाणी कीबोर्डमधूनच खाली गेलं होतं.

“बाकी नव्यासारखा आहे” या वाक्याने मीही फसले आहे. माझ्या एका लॅपटॉपची बिजागरी निसटली. प्लॅस्टिकात रुतवलेले पितळी नट उपटून आले होते, ते मी इपॉक्सीने बसवले. काही महिन्यांनी बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल तुटली, ती बदलली. मग चार्जिंगचा सॉकेट. प्रत्येक वेळी ‘एवढंच तर आहे’ म्हणत गेले आणि वर्ष संपायच्या आत बोर्ड गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे तीनही खर्च पहिल्याच दिवशी एका कागदावर समोर आले असते तर मी हात जोडले असते. तेव्हापासून कुणी दुरुस्तीचा आकडा सांगितला की त्यात मागच्या बारा महिन्यांतल्या दुरुस्त्याही मिळवते. तुमची ही पहिलीच असेल, तरी आकडा पुरेसा मोठा आहे.

प्रश्न : ताई, माझा टचपॅड दोन आठवड्यांपासून क्लिकच होत नाही, जरा वर उचलल्यासारखाही वाटतो. झाकण मिटलं तरी मध्ये फट राहते. टचपॅड बदलून घेऊ, की सहा वर्षं झालीत तर लॅपटॉपच बदलू?

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून यांना मी त्याच दिवशी कळवलं. टचपॅड बिघडलेला नाही. त्याच्या खालची बॅटरी फुगली आहे आणि ती त्याला वर ढकलतेय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. वरून दाबून फट मिटवायचा प्रयत्न करू नका. फुगवटा काढायला टाचणी टोचणं तर अजिबात नको, आतला वायू पेट घेतो. अंथरूण-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि बॅटरी काढायला जाणकाराकडे न्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

त्यांचं परवा पुन्हा पत्र आलं. नवी बॅटरी बसली, फट मिटली आणि टचपॅड त्याला कुणी हातही न लावता क्लिक करायला लागला आहे.