बाळंतिणीच्या मेंदूतील रक्तस्राव : सेवा किती, सराव किती?

प्रश्न : माझी २९ वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सिझेरियननंतर सहाव्या दिवशी, घरी आल्यावर, तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि फिट आली. रक्तदाब फार वाढून मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाल्याचे सिटी स्कॅनमध्ये दिसले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. आता अडीच महिने झाले आहेत. ती काठीच्या आधाराने चालते, पण उजवा हात उचलला जात नाही आणि बोलताना शब्द अडतात. भरवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत तिचे सगळे मीच करते. मालिशवाली बाई रोज हातापायांना जोरात चोळते आणि शेगडीचा शेक देते. मुलगी वारंवार रडते. ती पूर्ण बरी होईल का? बाळ तिच्याजवळ द्यावे का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : अडीच महिन्यांत काठीने का होईना, ती चालू लागली, ही आशादायक गोष्ट आहे. मेंदूत साचलेले रक्त काही आठवड्यांत शोषले जाते, भोवतालची सूज उतरते आणि दाबल्या गेलेल्या, परंतु जिवंत असलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. ज्या पेशी नष्ट झाल्या, त्यांचे काम मेंदूचे इतर भाग हळूहळू शिकून घेतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो; त्यानंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. हात सहसा पायापेक्षा उशिरा सावरतो. ‘पूर्ण’ बरी होईल असे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही, आणि तशी हमी देणाऱ्या जडीबुटीवाल्यांपासून किंवा ‘वाऱ्यावरच्या’ इंजेक्शनांपासून दूर राहावे.

आपल्याकडे बाळंतिणीला काडीही उचलू न देणे, यालाच तिची काळजी घेणे म्हणतात. या आजारात मात्र तीच माया आड येते. मेंदू शिकतो तो करून पाहण्यातून. हात वापरलाच नाही, तर तो न वापरण्याचीच सवय त्याला जडते. म्हणून तिला आपण भरवू नका. घास तिला स्वतः उचलू द्या, ताटात सांडले तरी चालेल. उजव्या हाताने वाटी धरणे, डाव्या हाताच्या मदतीने दुपट्याची घडी घालणे, वेणीचा निदान एक पेड स्वतः घालणे, ही कामे फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामाइतकीच मोलाची आहेत. तिला वेळ लागेल आणि बघणाऱ्याचा जीव कासावीस होईल. तरीही हात पुढे न करता शेजारी बसून राहणे, हे आपल्या वाट्याचे अवघड काम आहे. थकवा दिसताच मात्र विश्रांती द्यावी, कारण या आजारातला थकवा हा आळस नसतो.

मालिशीने हातात शक्ती येत नाही. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही, परंतु लुळा हात ओढल्यास खांद्याचा सांधा सरकतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने पुरते. तिला उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढू नये. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर मालिश तत्काळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशक्त बाजूची संवेदनाही अनेकदा कमी झालेली असते आणि चटका बसला तरी कळत नाही, तेव्हा शेगडी बंदच करावी. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. आपल्या मुलीचे कारण रक्तदाबाचे होते. परंतु शरीरातले पाणी कमी पडल्याने मेंदूच्या शिरांत गुठळी होऊन रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीही आमच्याकडे येतात.

रक्तदाब घरी रोज मोजून वहीत लिहावा आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लोणचे-पापड कमी करावेत. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, नवी अशक्तता किंवा पुन्हा फिट, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० पर्यंत गेला, तर त्रास होत नसला तरी लगेच रुग्णालय गाठावे.

बाळ तिच्याजवळ अवश्य द्यावे. जमिनीवर गादी घालून, भिंतीला पाठ टेकवून आणि मांडीवर उशी ठेवून बसल्यास तिला बाळ घेता येईल. कुशीवर झोपूनही पाजता येते. दोन्ही वेळी कोणीतरी जवळ असावे. फिट येऊन गेलेली असल्याने उभ्याने बाळ घेणे किंवा एकटीने त्याला अंघोळ घालणे सध्या टाळावे. रक्तदाबाच्या आणि फिटच्या अनेक गोळ्या स्तनपानात चालतात, परंतु तिच्या गोळ्यांची नावे दाखवून तशी खात्री करून घ्यावी. बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्यावेच. घरी तिचे वाक्य पुरे करण्याची घाई करू नका. बोलताना अडणारे शब्द गाताना पुष्कळदा सहज येतात. बाळासाठी अंगाई म्हणणे हा म्हणूनच तिचाही सराव आहे.

रडण्याकडे ‘होतंच असं’ म्हणून दुर्लक्ष करू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि मेंदूच्या इजेनंतरचे नैराश्य येथे एकत्र येऊ शकतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दुसऱ्या मुलाचा विषय सध्या कोणी काढू नये. गर्भनिरोधासाठी इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या तिला देऊ नयेत. तांबी हा पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून निवडता येईल.

प्रश्न : पत्नीला बाळंतपणानंतर मेंदूत रक्तस्राव झाला, त्याला पाच महिने झाले. चालणे-बोलणे उत्तम आहे. सगळे म्हणतात, ‘बरी झाली’. पण ती दुपारपर्यंत गळून जाते, गॅसवर दूध ठेवून विसरते, दोन माणसे एकदम बोलू लागली की चिडते. एका खासगी कंपनीत ती संगणकाचे काम करते. तिने कामावर कधी जावे?
— एक पती, पुणे

उत्तर : लंगडणाऱ्या माणसाला लोक वाट करून देतात, लक्ष टिकवण्याची लंगडी अवस्था कोणाला दिसत नाही. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे या आजारात नेहमी आढळतात आणि त्यांचा तिच्या स्वभावाशी संबंध नाही. रात्री बाळाला सांभाळण्याची पाळी आपण घ्यावी, कारण तुटक झोपेने ही लक्षणे वाढतात. एका वेळी एकच काम, मोबाइलमध्ये गजर, लिहून ठेवलेली यादी आणि दुपारची ठरलेली विश्रांती, यांचा चांगला उपयोग होतो. कामावर जाण्यापूर्वी स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांची तपासणी मज्जाविकारतज्ज्ञांमार्फत करून घ्यावी व सुरुवात अर्ध्या दिवसाने, शक्यतो घरून करावी. प्रसूती लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार २६ आठवड्यांच्या रजेखेरीज, प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते; त्यासाठीचा अर्ज मूळ रजा संपण्यापूर्वीच द्यावा. फिट येऊन गेली असल्यास, तज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत तिने दुचाकी चालवू नये.