‘सुभक्तीविषयी कसरत कर’: यात तार कुठून आली?

प्रश्न असा आला आहे: मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघासाठी रोजच्या शास्त्रवाचनाचं, म्हणजे बायबलवाचनाचं, आणि प्रार्थनेचं एक कार्ड छापायचं आहे. त्यावर तीमथ्याला पहिल्या पत्रातलं (४:७) ‘सुभक्तीविषयी कसरत कर’ हे वचन घालायचं ठरलं. पण काही जणांना ‘कसरत’ हा शब्द हलका, सर्कशीतला वाटतो. त्याऐवजी ‘व्यायाम’, ‘मेहनत’ की ‘साधना’? शिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, तर कसरत कशाला, असंही एकाने विचारलं.

शब्द हलका नाही, आपण तो हलका केला आहे. अर्थसंकल्प आला की अर्थमंत्र्यांची तारेवरची कसरत, युती झाली की जागावाटपाची तारेवरची कसरत, पावसाळ्यात खड्डे चुकवणाऱ्या दुचाकीस्वाराची कसरत. बातमीत हा शब्द दिसला की आधी ‘तारेवरची’ शोधावं, सापडतंच. आता ही तार उपदेशांतही पोचली आहे. ‘ख्रिस्ती जीवन म्हणजे तारेवरची कसरत’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचा उपदेश ऐकू येत नाही. अहो, पत्र लिहिणारा पौल तीमथ्याला तोल सांभाळायला सांगत नाही! रोज तेच पुन्हा करायला सांगतो आहे.

आखाड्यातला नेहमीचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. गंमत त्याच्या मागे आहे. ‘कसरत’ हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात त्याचा घामाशी, दंडबैठकांशी काही संबंध नाही. अर्थ आहे ‘पुष्कळपणा’. उर्दूत अजूनही ‘कसरत से’ म्हणजे भरपूर, वारंवार. ‘कसरत-ए-राय’ म्हणजे बहुमत. हिंदीतला ‘अक्सर’ याच धातूतून आलेला, कसरतीचा सख्खा भाऊ. जे अक्सर केलं जातं, ते कसरत. आधी आवृत्ती, घाम मागाहून आला.

इथे दोन लोकप्रिय व्युत्पत्त्यांचा निकाल लावून टाकतो. पहिली: ‘कस’ अधिक ‘रत’, म्हणजे ‘कसात रमलेला’. ही सांगणारे विद्वान मान डोलावून सांगतात आणि ऐकणारेही डोलतात. संस्कृतात असा शब्द कुठे दाखवा म्हटलं की विषय बदलतो. दुसरी जरा बरी, पण तितकीच चूक: ‘कसर भरून काढणं म्हणजे कसरत’. कसरही अरबीच, पण तिचा धातू निराळा, तो ‘मोडणे’ या अर्थाचा. त्यातून तुकडा, अपूर्णांक, उणेपणा. अरबीत दोहोंची मधली अक्षरं वेगळी आहेत. देवनागरीत दोन्ही ‘स’ झाली आणि दोन अनोळखी माणसं एका घरची वाटू लागली. खरं तर ती परस्परविरुद्ध आहेत: कसर म्हणजे कमी, कसरत म्हणजे पुष्कळ.

माझं मत असं, आणि ते मी सोडणार नाही, की या वचनात ‘कसरत’ ज्याने घातला त्याच्या कानात हे पुष्कळपण होतं. हे माझं अनुमान आहे, त्याला कागद मागू नका. पण पाहा: पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘होईल तितका प्रयत्न करून’ काय करायचं? विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, पुढे धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती यांची ‘भर घाला’. भर घालणं म्हणजे पुष्कळ करत जाणंच. सुभक्ती त्या यादीतही आहे, तीमथ्याच्या वचनातही. एवढं जुळत असताना योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

मूळ ग्रीक शब्द तर याहून धीट. ‘गिम्नाझे’, त्याच्या पोटात ‘गिम्नॉस’, म्हणजे उघडा. ग्रीक मल्ल आणि धावपटू अंगावर कपडे न ठेवता सराव करत, म्हणून सरावालाच ते नाव पडलं. आपल्या तरुणांची ‘जिम’ तिथलीच. पौलाला खेळांची भाषा परकी नव्हती. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, आणि करिंथकरांना लिहिताना तो धावणं, मुष्टियुद्ध, नाशवंत मुगुट सगळं आणतो. ‘मी आपले शरीर कुदलतो’ हे आपल्या शास्त्रातलं वाक्य (१ करिंथ ९:२७) एकदा मोठ्याने म्हणून बघा. ग्रीकात तिथे डोळ्याखाली ठोसा मारण्याचं क्रियापद आहे. कुदलतो! हल्ली कोणी ‘शरीरावर नियंत्रण ठेवतो’ असं गुळगुळीत करील.

‘गिम्नाझे’चाच ग्रीक धातू इब्री लोकांस पत्रात (५:१४) पुन्हा येतो; तिथे मराठीत ‘कसरत’ नसून ‘सराव’ आहे. प्रौढ कोण? ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना ‘वहिवाटीने’ चांगलं-वाईट समजण्याचा सराव झाला आहे ते. या ‘वहिवाटीने’वर मी वेगळा लेख लिहू शकतो. ज्याच्या शेतातून दुसऱ्याची वाट जाते त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: रोज चालून चालून पडलेला हक्क. एक दिवस जोरात चालून वहिवाट पडत नाही. कसरतीतलं पुष्कळपण ते हेच.

यावर एक जुना आक्षेप येतो: परदेशी मिशनऱ्यांना मराठी कुठे येत होती, मिळाला तो शब्द टाकला. हा आक्षेप आळशी आहे. कसरत, तालीम, मेहनत, पैलवान हे शब्द मराठी आखाड्यात साहेब येण्याआधीपासून नांदत होते. पहिले तिन्ही अरबी, पैलवान फारसी. आणि शास्त्राचं मराठी काय फक्त साहेबांनी घडवलं? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध शास्त्र मराठीत उतरवलं. संस्कृतवर हुकमत असलेली बाई, पण आग्रह साध्या घरगुती मराठीचा. एप्रिल १९२२मध्ये त्या वारल्या. भाषांतराचं काम तोवर त्यांनी हातावेगळं केलं होतं, ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. वर्षानुवर्षं रोज तेच टेबल, तोच मजकूर. अशा माणसाला तुमची तार लागत नाही.

‘व्यायाम’चं काय? भाषाशुद्धीवाले लगेच तो पुढे करतील. मला त्यांच्या कारणाशी देणंघेणं नाही, पण शब्दाशी भांडण नाही. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात ‘सम्यक व्यायाम’ आहेच. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत तो रोजच्या तोंडातला शब्द आहे आणि तिथे कोणाला दंडबैठका आठवत नाहीत. मात्र छापील वचन बदलून त्यात ‘व्यायाम’ घालू नका. वचन आहे तसं ठेवायचं, चर्चा खाली करायची. ‘मेहनत’ मुळात ‘कसोटी, छळ’ या अर्थाचा अरबी शब्द. इसवी सन ८३३मध्ये खलिफा मामूनने धर्मपंडितांची जी कुप्रसिद्ध तपासणी सुरू केली तिचं नाव तेच, ‘मिहना’. तरुण संघाच्या कार्डासाठी जरा जड जाईल.

राहिली ‘साधना’, आणि कृपेचा प्रश्न. तो मी जवळजवळ विसरलोच होतो. दोन्हींचं उत्तर फिलिप्पैकरांस पत्रात (२:१२-१३) एकत्र आहे. ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’, आणि लगेच, इच्छा करणं व कृती करणं हे तुमच्या ठायी ‘साधून देणारा तो देव आहे’. साधून घ्या, साधून देणारा. ग्रीकात दोन वेगळी क्रियापदं आहेत, दोन्ही ‘एर्गॉन’ म्हणजे काम या शब्दावरून बनलेली. मराठीने एकाच ‘साधणे’त दोघांना बसवलं. कृपा की कष्ट हे भांडण ज्यांना घालायचं आहे त्यांनी आधी या दोन ओळी सलग वाचाव्यात. एक ओळ तोडून भिंतीवर लावणाऱ्यांमुळेच हा घोळ होतो.

तर वचन ‘कसरत’सकट छापा. मथळ्याला ‘दैनंदिन साधना’ चालेल. फक्त ‘दि’ ऱ्हस्व. छापखानेवाला हमखास ‘दैनंदीन’ करतो, प्रूफ स्वतः बघा.